पंगत कुणाच्या हातची?



गेल्या रविवारी मिस्सानंतर पॅरिश कौन्सिलची बैठक झाली. विषय एकच होता, ऑक्टोबरातील आपल्या सणाचे जेवण. तारीख ठरली, वर्गणी ठरली, मंडपवालाही ठरला. मग एका सभासदाने सुचवले की यंदा स्वयंपाक आपण करू नये, केटररला द्यावा. "फादर, पैसे थोडे जास्त जातील, पण कटकट मिटेल." सर्वांनी माना डोलावल्या. मी विचारले, "कसली कटकट?" त्यावर कुणी काही बोलेना. एक जण खिडकीबाहेर पाहू लागला, एकाला नेमका तेव्हाच फोन आला.

ती कटकट तुम्हां सर्वांना ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक आहे. आपण ती कधी तोंडाने बोलत नाही इतकेच. आज या पानावर ती बोलावी असे मी ठरवले आहे. कुणाला वाईट वाटले तर मिस्सानंतर मला येऊन सांगावे, मी कुठेही पळून जाणार नाही.

गेल्या वर्षी सणाचा स्वयंपाक एका वस्तीतल्या बहिणींनी केला होता. पहाटे चारपासून त्या चुलीपुढे होत्या. मिस्साला देऊळ भरले होते, गायन उत्तम झाले, शांतीचा नमस्कार करताना तर आपण एकमेकांना हात जोडून हसलो. आणि पंगत बसायच्या वेळेला पाच-सहा कुटुंबे निघाली. कुणाकडे पाहुणे येणार होते, कुणाच्या मुलाला बरे नव्हते, एकाने तर मला उपवास असल्याचे सांगितले. तो रविवार होता. ख्रिस्तसभेत रविवारी उपवास नसतो हे त्या बंधूंनाही माहीत होते, कारण त्यांच्या मुलाला धर्मशिक्षण मीच देतो. दोघे-तिघे मात्र पंगतीत बसले. त्यांनी पानात फक्त जिलेबी घेतली. जिलेबी बाजारातून आणलेली होती.

आपले पूर्वज गावाबाहेरच्या दोन वेगवेगळ्या वस्त्यांतून ख्रिस्ताकडे आले. त्या दोन वस्त्यांच्या मध्ये एक ओढा होता. स्नानसंस्काराच्या पाण्याने आपण पुष्कळ काही धुतले, पण तो ओढा बरोबर घेऊन आलो. देवळात तो दिसत नाही. लग्न ठरवताना दिसतो, आणि दरवर्षी एकदा, सणाच्या पंगतीला दिसतो.

मी तुम्हांला रागवायला हे लिहीत नाही. तो अधिकार मला का नाही, ते आधी सांगतो.

इथे येण्यापूर्वीच्या माझ्या मिशनमध्ये मला कावीळ झाली होती. डॉक्टरांनी बजावले की पाणी उकळलेलेच प्यायचे, बाहेरचे नाही. त्यामुळे इथे आल्यापासून माझ्या पिशवीत नेहमी बाटली असायची. जपमाळेच्या महिन्यात घरोघरी प्रार्थनेला जाताना, घराला आशीर्वाद देताना, आजाऱ्याला भेटताना ती माझ्याबरोबर असे. एका संध्याकाळी वस्तीतल्या एका आजीकडे जपमाळ झाली. तिने तांब्या-फुलपात्र पुढे केले. मी म्हणालो, "नको आजी, माझ्याकडे आहे," आणि तिच्यासमोरच बाटली उघडून पाणी प्यायलो. तिने तांब्या उचलून आत नेला. मी तर तो प्रसंग विसरूनही गेलो.

दोन वर्षांनी ती आजी आजारी पडली. मी ख्रिस्तप्रसाद घेऊन गेलो. प्रार्थना झाल्यावर ती म्हणाली, "फादर, रागवू नका. तुमी आमच्या घरी परार्थना करताव, पण पाणी तुमच्या बाटलीतलं पिताव. आमच्या आज्याला गावच्या आडावर कुणी वरून पाणी घालायचं तवा मिळायचं. तुमची बाटली बघितली की मला त्यो आड दिसतो."

मी घाईघाईने कारण सांगितले. कावीळ, डॉक्टर, सगळे. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "हे तुमी आदी कुटं सांगितलं? पाणी उकळायला माझ्या घरी बी चूल हाय की."

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हेतूविषयी मी खूप वाचले होते. कृतीचे नैतिक मोल तिच्यामागच्या हेतूवर ठरते, असे कांट मानतो. परीक्षेत त्यावर मी पानेच्या पाने लिहिली होती आणि गुणही चांगले मिळाले होते. माझा हेतू शुद्ध होता, आजही आहे असे मला वाटते. पण तो माझ्या पोटात होता, आणि बाटली तिच्या डोळ्यांसमोर होती. ज्यांच्या आजोबांना पाणवठ्यावर जाऊ दिले नाही, त्यांच्यासमोर पाणी नाकारणे ही साधी गोष्ट उरत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, ते काही तहान भागवण्यासाठी नव्हे. हे मी वर्गात मुलांना शिकवतो. आणि माझी स्वतःची बाटली मला दोन वर्षे दिसली नाही.

(आजीची परवानगी घेऊनच हे लिहिले आहे. "लिवा की, पण नाव नगा घालू," असे तिचे म्हणणे पडले.)

माझ्यापेक्षा कितीतरी मोठ्या माणसाचे असेच झाले होते. संत पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय घरी उघडून पाहा, अकराव्या ओवीपासून. अंत्युखियात यहुदी आणि बिगरयहुदी ख्रिस्ती एकत्र जेवत असत. संत पेत्रही त्यांच्यात बसून जेवायचा. कर्नेल्याच्या घरी देवाने त्याला धडा दिलाच होता. पुढे यरुशलेमहून याकोबाकडची काही माणसे आली आणि पेत्र हळूच त्या पंगतीतून उठू लागला. त्याने श्रद्धा बदलली नाही. उपदेश बदलला नाही. फक्त जेवायची जागा बदलली. त्याचे पाहून बाकीचेही उठले, बर्णबासारखा भला माणूसही उठला. पौलाने मात्र त्याला सर्वांदेखत अडवले. ज्याला आपण पहिला परमगुरूस्वामी मानतो, त्याची ही चूक ख्रिस्तसभेने झाकून ठेवली नाही, बायबलमध्ये राहू दिली. मला या गोष्टीचा फार आधार वाटतो. पौलाला ही बाब एवढी मोठी का वाटली? कारण त्याच्या मते पंगतीतून उठणे म्हणजे शुभवर्तमानाच्या सत्याला सोडून चालणे होते. पेत्र उठला तो लोक काय म्हणतील या भीतीने. आपल्याकडचे गेल्या वर्षीचे पाहुणे आणि आजारी मुले याच भीतीतून जन्माला आली असावीत, असा माझा अंदाज आहे. मनातून अनेकांना बसायचे होते.

आता थोडे पुण्याकडे जाऊ. सेमिनरीत असताना जानेवारीतल्या ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थना-सप्ताहात आम्ही काही विद्यार्थी पंच हौदाला गेलो होतो. गुरुवार पेठेतले ते पवित्र नाम देवालय. एकोणिसाव्या शतकात तिथे अँग्लिकन पंथाचे काउली फादर आणि वाँटेजच्या धर्मभगिनी काम करीत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला अँग्लिकन आणि इतर काही पंथ मिळून उत्तर भारताची ख्रिस्तमंडळी, म्हणजे सी.एन.आय., स्थापन झाली, तेव्हापासून हे देवालय त्या मंडळीत आहे. प्रार्थना झाल्यावर आम्हांला चहा मिळाला, आणि कप हातात असतानाच तिथल्या एका वृद्ध गृहस्थांनी हसत विचारले, "या चहाचा इतिहास माहीत आहे ना?"

तो इतिहास असा. १८९० साली ऑक्टोबर महिन्यात याच मिशनमध्ये पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी एका कार्यक्रमाला जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. काहींनी घेतली, काहींनी संकोचून मान ठेवली. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी मग उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध करून टाकली. मिशनऱ्यांच्या घरचा चहा! शहरात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. बहिष्कृतांच्या घरी श्राद्धाला ब्राह्मण मिळेना, लग्नकार्ये अडली. अखेर १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. आपल्याबरोबरच्या मित्रांची घरातली कोंडी पाहून त्यांनी ते घेतले, असे रमाबाई रानडे यांच्या आठवणींवरून दिसते.

एका कपभर चहासाठी एवढे! आम्ही विद्यार्थी खूप हसलो. हसणे सोपे होते, कारण चुकणारे ते आणि चहा देणारे आपण, असा आमचा समज होता. नंतर बसने परत येताना दोन गोष्टी मनात आल्या आणि त्या अजून गेलेल्या नाहीत. एक म्हणजे, गोपाळरावांनी केले ते मला आवडत नाही. आपल्या टेबलावर बसलेल्याची परीक्षा घ्यायची, त्याचे नाव लिहून चारचौघांत वाचायचे, हे पाहुणचाराचे लक्षण नव्हे. म्हणूनच गेल्या वर्षी कोण उठून गेले त्यांची नावे मी इथे देणार नाही, कौन्सिलमध्ये आग्रह झाला तरी. दुसरी गोष्ट अशी की या कथेत चहा पिणाऱ्यांची नावे सर्वांना ठाऊक आहेत. तो चहा कुणी केला, कप कुणी विसळले, ते नाव मी कुठेच वाचले नाही. वादाचा सारा मुद्दा ज्या हातांचा होता, ते हातच गोष्टीतून गळून गेले.

केटररचा प्रस्ताव ऐकताना मला हेच आठवले. केटरर आणला की स्वयंपाकाचे हात दिसत नाहीत. पैसे मोजले की कुणाच्या हातचे हा प्रश्न उरत नाही. म्हणजे मिटत नाही, आपण त्याला पडद्यामागे बसवतो. ती जिलेबी मोठ्या ताटात वाढून घेण्यासारखे आहे हे.

येत्या ३० सप्टेंबरला भूकंपाची तारीख येते. तरुण मुलांना तो धड्यातला भूकंप वाटतो, म्हणून सांगतो. १९९३ साली अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून माणसे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि आपला तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा हादरला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावे. सरकारी हिशेबानेही साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. मी त्या वेळी शाळेत होतो. जे जगले त्यांच्यापैकी एक काका लोहारा तालुक्यातून अधूनमधून आपल्याकडे मिस्साला येतात. ते सांगतात की पहिले काही आठवडे एकाच मोठ्या चुलीवर सगळ्या गावाचे शिजायचे. पाटील त्याच रांगेत, मातंग त्याच रांगेत, मुसलमान त्याच रांगेत. भाकरी कुणी थापली हे कुणी विचारले नाही. विचारायला घरात माणूस उरला होता कुठे?

मग पुनर्वसन झाले. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घराचा आकार जमिनीवर ठरला. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, त्याहून अधिक जमीनवाल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. सरकारला काहीतरी माप लावणे भाग होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण काकांचे एक वाक्य मी डायरीत लिहून ठेवले आहे. "फादर, पत्र्यात होतो तवा एक चूल होती. घरं भेटली अन् चुली येगळ्या झाल्या."

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने परंडा-भूमकडची माणसे घरे सोडून निघाली, तेव्हाही निवाऱ्यातली खिचडी कुणी शिजवली असे कुणी विचारले असेल, असे मला वाटत नाही. संकटात आपण ख्रिस्ती होतो, सण आला की पुन्हा आपापल्या वस्तीचे होतो. हे मला कळत नाही, आणि पटतही नाही.

केटररच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणेही खोटे नाही, ते सांगितले पाहिजे. स्वयंपाकाचा सगळा भार बहिणींवर पडतो आणि पुरुष मंडळी खुर्च्या लावून झाल्या की गप्पा मारतात. हे खरे आहे. मागे एकदा वरण लागले होते, हेही खरे. आणि चांगल्या हेतूने कुणी म्हणते की वाद टाळणे हीसुद्धा एकी आहे. याबाबतीत मला ॲरिस्टॉटल आठवतो. मैत्रीवर लिहिताना त्याने त्याच्या काळची एक म्हण सांगितली आहे, की बरोबर बसून भरपूर मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. आपल्याकडे मीठ खाल्ले की इमान येते, त्याच्याकडे ओळख येते. केटररच्या जेवणात मीठ असते, पण ते कुणाचेच नसते. २०२१ ते २०२४ या काळात पोप फ्रान्सिस यांनी सिनडच्या निमित्ताने सर्व जगातल्या धर्मग्रामांना एकमेकांचे ऐकून घ्यायला सांगितले. आपल्या गटचर्चांतही कागद भरले गेले. मी ते जपून ठेवले आहेत. जवळजवळ प्रत्येक कागदावर लिहिले आहे, "आपल्याकडे एकोपा चांगला आहे." इतका चांगला एकोपा असताना वरणाची एवढी भीती का, हा प्रश्न मी त्या कागदांना अधूनमधून विचारतो.

वर्गणीबद्दलही बोलायचे आहे. केटरर आला तर ती वाढेल, आणि ज्यांना देता येत नाही ते न बोलता घरी राहतील. दिवाळी झाली की आपल्यातली काही कुटुंबे उचल फेडायला कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. नाताळ ती फडातच काढतात. ऑक्टोबरचा हा सण म्हणजे वर्षातली त्यांची आपल्याबरोबरची एकच पंगत. करिंथच्या ख्रिस्ती लोकांत नेमके हेच झाले होते. प्रभुभोजनासाठी जमायचे, पण ज्यांना सवड असे ते लवकर येऊन आपले आणलेले खाऊन घेत, आणि जे उशिरा पोहोचत ते उपाशी राहत. करिंथ फार दूरचे वाटते. पण त्याच शतकात आपल्या तेरचा व्यापार थेट रोमन जगाशी चालत होता, तेव्हा इतकेही दूर समजू नका. पौलाने त्यांना मोठे तत्त्वज्ञान सांगितले नाही. जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा, एवढाच त्याचा उपाय. पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायाच्या शेवटी तो आहे. त्याच अध्यायात ख्रिस्ताने भाकर हाती घेतल्याचे ते शब्द आहेत, जे मी दर रविवारी वेदीवर उच्चारतो. एकाच पानावर. ते पान मला अलीकडे जरा भीतीनेच उघडावे लागते.

ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांगेत येताना ती भाकर कुणी भाजली असे तुमच्यापैकी कुणी कधी मला विचारलेले नाही.

तेव्हा कौन्सिलने परवानगी दिली तर यंदाही स्वयंपाक आपणच करू, असे माझे मत मी त्यांना कळवले आहे. निर्णय त्यांचा आहे. पुढच्या रविवारी मिस्सानंतर बैठक आहे आणि यावेळी ती सर्वांसाठी उघडी ठेवली आहे. ज्यांना केटरर हवा आहे त्यांनी जरूर यावे आणि कारण मोठ्याने सांगावे. खरे कारण सांगितले तर मला जास्त आवडेल.

निर्णय स्वयंपाकाच्या बाजूने झाला तर व्यवस्था अशी. नावे देण्यासाठी देवळाच्या दाराजवळ वही ठेवली जाईल. प्रत्येक कामाला दोन्ही वस्त्यांतले किमान दोघे असावेत, मग ते पीठ मळणे असो की भांडी घासणे. कांदा, लसूण आणि भाजी चिरण्याचे काम पूर्णपणे पुरुषांचे. विळीवर बसता येत नसेल तर सुरी घरून आणावी. माझे नाव त्या यादीत पहिले लिहिलेले दिसेल. मोठी पातेली आणि काहिल धर्मभगिनींनी देऊ केली आहे. वर्गणी ज्याला जमेल तेवढी, पेटीत टाकावी, पावती फाडली जाणार नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या सोयीने पंगत संध्याकाळी न ठेवता दुपारी बारालाच बसेल, आणि सगळे आल्याशिवाय वाढायला सुरुवात होणार नाही.

पिण्याच्या पाण्यासाठी दोन रांजण भरून ठेवू. दोन्हींना मिळून ओगराळे एकच असेल. माझ्यासाठी उकळून गार केलेल्या पाण्याची कळशी वस्तीतून येणार आहे, तसा निरोप आजीने कालच पाठवला. बाटली मी खोलीवरच ठेवून येईन.

ख्रिस्तात तुमचा,
फादर